एंडॉर्फिन वाढलं म्हणजे नेमकं काय वाढलं?

आज थोडी केमिस्ट्री आहे, पण पळून जाऊ नका. पळण्याचाच विषय आहे.

आम्ही दोघं रूममेट बेसाला राहतो. तो रोज पहाटे पिपळ्याच्या बाजूला पळायला जातो. मागच्या हिवाळ्यात लक्षात आलं, की पठ्ठ्याने डिप्रेशनची गोळी बंद केली आहे, तीही डॉक्टरला न विचारता. म्हटलं, "काहून बे, गोळी नाही घेत आजकाल?" तर म्हणे, "गरजच नाही. पळलं की एंडॉर्फिन वाढतं. रक्तात मोजलंय लोकांनी, रील पाहिली मी."

मी कोड लिहिणारा माणूस. भांडण जिंकायचं म्हणून वाचायला बसलो आणि त्यातच अडकलो.

बीटा-एंडॉर्फिन म्हणजे ३१ अमिनो आम्लांची साखळी. ती वेगळी बनत नाही. पीओएमसी नावाचं एक मोठं प्रोटीन असतं, ते कापून निघते. कापणाऱ्या एन्झाइमची नावं पीसी-१ आणि पीसी-२, हसू नका. कोणत्या पेशीत कोणती कात्री आहे त्यावर माल ठरतो. पिट्युटरी ग्रंथीच्या पुढच्या भागात ३९ अमिनो आम्लांचं एसीटीएच निघतं. मधल्या भागात आणि मेंदूच्या हायपोथॅलॅमसमध्ये तेच आणखी कापून १३ चं अल्फा-एमएसएच होतं.

पण खरी गंमत कापल्यानंतर आहे. काही पेशी साखळीच्या सुरुवातीला ॲसिटिल नावाचा छोटासा शिक्का मारतात. वजन वाढतं फक्त ४२ डाल्टन. आता बीटा-एंडॉर्फिनचं पहिलं टोक म्हणजे ओपिऑइड रिसेप्टरच्या कुलपात जाणारा किल्लीचा दात. त्यावर शिक्का बसला की कुलूप उघडतच नाही. रेणू तोच, नाव तेच, वेदना कमी करण्याचं काम शून्य. आणि हाच शिक्का अल्फा-एमएसएचवर बसला, की त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर त्याचा जोर उलट वाढतो! म्हणजे एकच फंक्शन एका ठिकाणी फीचर बंद करतंय, दुसरीकडे वाढवतंय.

१९७९ मध्ये झकेरियन आणि स्मिथ या दोघांनी उंदरांत दाखवलं, की चालू आणि बंद एंडॉर्फिनची वाटणी जागेनुसार बदलते. पिट्युटरीच्या मधल्या भागात बहुतेक माल शिक्का मारलेला, हायपोथॅलॅमसमध्ये बहुतेक बिनशिक्क्याचा. मोठ्या माणसात पिट्युटरीचा तो मधला भाग जवळजवळ नसतोच, त्यामुळे उंदराचा आकडा सरळ आपल्याला लावता येत नाही. पण मोजण्याची अडचण राहतेच. साखळीच्या दुसऱ्या टोकाला पकडणाऱ्या चाचणीला हा शिक्का दिसतच नाही. सर्व्हर किती चालू आहेत ते लॉगमध्ये दिसतं, उत्तर कोण देतंय ते नाही, तसंच.

शिवाय रक्तातलं एंडॉर्फिन मुख्यतः पिट्युटरीतून येतं आणि मेंदूत फारसं शिरत नाही.

रील पूर्ण खोटी नव्हती, हे मान्य करतो. २००८ मध्ये जर्मनीत १० धावपटूंना दोन तास पळवून त्यांचा मेंदू पेट स्कॅनने पाहिला, तेव्हा मेंदूतच ओपिऑइड सुटल्याची खूण दिसली. पण ते सरावलेले धावपटू होते, डिप्रेशनचे पेशंट नव्हते. पुढे २०१५ मध्ये उंदरांचे ओपिऑइड रिसेप्टर बंद केले, तरी पळाल्यावर भीती कमी झालीच. म्हणजे तिथे काम करणारं कोणी वेगळंच होतं, एंडोकॅनाबिनॉइड.

आणि आता आपल्या नागपूरची गोष्ट. अमरावती रोडवरच्या विद्यापीठाच्या फार्मसी विभागात दादासाहेब कोकरे, निशिकांत सुभेदार यांनी अशाच न्यूरोपेप्टाइडवर काम केलं. एकटं ठेवलेला उंदीर घाबरट आणि उदास होतो, त्यात अल्फा-एमएसएचचा हात आहे, हे त्यांच्या गटाने २०१० मध्ये मांडलं. म्हणजे ज्या पीओएमसीमधून दिलासा देणारं एंडॉर्फिन निघतं, त्याच पीओएमसीमधून उदासीत हात असलेलं हे भावंडही निघतं. मग नुसतं "वाढलं" म्हणून कोणाला काय कळणार?

हे सगळं मी रूममेटला चहावर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पळू नको?" म्हटलं, "पळ ना बाप्पा, पण डॉक्टरला फोन लाव."

लावला. डॉक्टर चिडले, अशी गोळी एकदम तोडायची नसते म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी बोलावलं. मीच सोडायला गेलो. गोळी परत सुरू आहे. रविवारी मीही पळतो त्याच्यासोबत, पिपळ्यापर्यंत काही पोचत नाही.