मातीचे मोल आणि कौशल्याचे अर्थकारण

(एका परिसंवादातील भाषणाचा संपादित भाग)



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने चाकावरच्या मातीविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु विकासाच्या चर्चेत आपण भांडवल, कर्ज आणि बाजारपेठ यांचा हिशेब जितक्या काटेकोरपणे मांडतो, तितका कौशल्य अंगी मुरण्यास लागणाऱ्या काळाचा मांडत नाही. तो समजून घेण्यासाठी रे मीकर या सिरॅमिक कलावंताची कारकीर्द उपयुक्त ठरते.

स्वतंत्र भारतात स्टुडिओ पॉटरीचा पाया सरदार गुरुचरण सिंग यांनी दिल्लीत घातला. त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा दक्षिणेतला. १९४४ साली अमेरिकेत जन्मलेल्या मीकर यांनी वास्तुकला व सिरॅमिक्सचे शिक्षण घेतले होते, तर डेबोरा स्मिथ यांनी जपानमधील बिझेन येथे उमेदवारी केली होती. १९७१ मध्ये या दोघांनी पाँडिचेरी, म्हणजे आताच्या पुदुच्चेरी येथे ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ सुरू केली.

आपल्या कुंभाराचा आवा साधारणतः हजार अंश सेल्सिअसच्या आत राहतो. त्यातून निघणारे मडके सच्छिद्र असते, म्हणूनच त्यात पाणी थंड होते. स्टोनवेअर मात्र सुमारे १,३०० अंशांपर्यंत भाजावे लागते. मग माती घट्ट होते आणि भांड्यातून पाणी झिरपत नाही. त्यासाठी मातीचे योग्य मिश्रण, झिलईचे रसायन आणि भट्टीची रचना या तिन्हींचे ज्ञान लागते. हे ज्ञान मीकर व स्मिथ यांनी स्वतःपुरते राखले नाही. त्यांच्याकडे अनेक महिन्यांचे निवडक विद्यार्थ्यांचे शिक्षण चाले. विद्यार्थी तेथे चुकत, पुन्हा करीत आणि भट्टी लावण्यास शिकत. मुंबईचे वास्तुविशारद आदिल रायटर येथेच शिकले आणि पुढे ऑरोव्हिलमध्ये स्थिरावले. पुदुच्चेरी व ऑरोव्हिलच्या परिसरात आज जो अनेक स्टुडिओंचा समूह दिसतो, त्याच्या मुळाशी हे शिक्षण आहे. संकुचित दृष्टीने पाहता ज्याने शिकविले, त्याने आपले प्रतिस्पर्धी निर्माण केले. प्रत्यक्षात स्टुडिओ वाढले, ग्राहकाची जाण वाढली आणि बाजारपेठही रुंदावली. अर्थशास्त्रात यास आपण बाह्य लाभ म्हणतो.

या कारकिर्दीतील एक प्रयोग आपल्यासाठी अधिक बोधप्रद आहे. १९८५ पासून सुमारे तेरा वर्षे मीकर यांनी मातीची घरे जागेवरच भाजण्याचे काम केले. कच्च्या विटांचे घर बांधायचे, त्यात विटा व कौले रचायची आणि संपूर्ण घरालाच भट्टी समजून पेटवायचे. इराणी वास्तुतज्ज्ञ नादिर खलिली यांच्या प्रयोगांपासून ही प्रेरणा मिळाली होती. आतला माल विकून जळणाचा खर्च निघावा, ही अपेक्षा होती. साहजिकच, घराची किंमत मालाच्या विक्रीशी आणि जळणाच्या भावाशी बांधली गेली. हे गणित सर्वत्र जुळणारे नव्हते. मीकर पुढे भव्य मृत्तिकाशिल्पांकडे वळले. तथापि तंत्र वाया गेले नाही. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत शिकलेल्या वास्तुविशारद अनुपमा कुंडू यांनी त्याच तंत्राने पुदुच्चेरीत निराधार मुलांसाठी घरे बांधली. ज्ञान खुले असले, तर एकाच्या अर्ध्या यशावर दुसरा पुढचे काम उभे करतो.

परंतु एक प्रश्न आपल्याला अस्वस्थ करावयास हवा. या प्रवाहात प्रामुख्याने शहरी, सुशिक्षित तरुण आले. पिढ्यान्‌पिढ्या चाक फिरविणारा कुंभार बहुतांशी काठावरच राहिला. कारण उघड आहे. अनेक महिने कमाई थांबवून शिकणे त्याला परवडत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीचे कर्ज ही तिची वैशिष्ट्ये होत. शिकण्याच्या काळात कारागिराच्या पोटाचा विचार करणे, हे पाऊल निश्चितच योग्य दिशेचे आहे. मात्र मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे, तर पुढचे पंधरा दिवस किंवा त्याहून अधिक. एवढ्या काळात नवे अवजार हाताळता येईल. पण उच्च तापमानाची भट्टी आत्मसात होणार नाही. निवडक तरुण कुंभारांना विद्यावेतनासह दीर्घ उमेदवारी मिळाली आणि प्रस्थापित स्टुडिओ त्यांचे गुरुकुल झाले, तर हा दुरावा कमी होऊ शकेल.

भट्टीला घाई चालत नाही. वेळेआधी उघडली, तर भांडी तडकतात. कौशल्यविकासाच्या नियोजनातही हे भान राखणे आवश्यक आहे.