दुसरी केबल नेमकी कधी उपयोगी पडते?

आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथ किंवा बेला मंडलातल्या मीसेवा केंद्रावर दाखला काढायला आलेल्या शेतकऱ्याला अनेकदा एकच उत्तर मिळते : सर्व्हर डाउन आहे. पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो, त्याच्यापर्यंत पोचणारी वाट तेवढी तुटलेली असते. कधी तर वाटा दोन असतात आणि त्या दोन असल्यामुळेच सगळे ठप्प होते. आजचे व्याख्यान या दुसऱ्या वाटेविषयी आहे.

आदिलाबादकरांना पर्यायी वाटेचे मोल सांगायला नको. हैदराबादला निर्मलवरून राष्ट्रीय महामार्ग 44 जातो. कृष्णा एक्स्प्रेस मात्र आधी महाराष्ट्रात शिरते आणि किनवट, मुदखेड करत निजामाबाद गाठते. रस्ता पुढे बंद आहे हे बसस्थानकावरच कळले, तर प्रवासी स्टेशनकडे वळतो. ते कळलेच नाही, तर दुसरी वाट असून नसल्यासारखी. ब्लेड सर्व्हरच्या जाळ्यात नेमके हेच घडते.

ब्लेड सर्व्हर म्हणजे एका सामाईक पेटीत, म्हणजे चेसिसमध्ये, सरकवलेले पातळ सर्व्हर. आयबीएमच्या 2002 सालच्या ब्लेडसेंटरमध्ये असे 14 सर्व्हर मावत. 2006 साली आलेल्या एचपीच्या सी7000 चेसिसची उंची साडेसतरा इंच, आणि त्यात अर्ध्या उंचीचे 16 सर्व्हर बसत. प्रत्येकाला दोन नेटवर्क पोर्ट धरले तर 32 केबल बाहेर काढाव्या लागल्या असत्या. त्याऐवजी स्विच चेसिसच्या आतच बसवले गेले. सर्व्हरचा एक पोर्ट स्विच ‘अ’ला, दुसरा स्विच ‘ब’ला, आणि बाहेरच्या मुख्य स्विचकडे जातात त्या मोजक्या अपलिंक केबल.

गोम इथे आहे. सर्व्हर आणि आतला स्विच यांच्यात केबल नसते, चेसिसमधल्या बोर्डावरची जोडणी असते. ती जवळपास कधीच तुटत नाही. सर्व्हरचे दोन्ही पोर्ट जोडीने चालवणारे एनआयसी टीमिंग साधारणपणे आपल्यालगतची लिंक चालू आहे की नाही एवढेच पाहते. ‘अ’ची अपलिंक बाहेर तुटली, तरी आतली लिंक ‘अप’च दिसते. सर्व्हर निर्धास्तपणे ‘अ’कडे माहिती पाठवत राहतो, ती तिथेच गडप होते, आणि ‘ब’ रिकामा बसून असतो. यंत्रे दुप्पट घेतली, पैसे दुप्पट मोजले, आणि लोकांचे काम मात्र अडलेलेच.

यावरचा उपाय साधा आहे, पण तो आठवणीने चालू करावा लागतो. अपलिंक मेली की स्विचने आपले सर्व्हरकडचे पोर्टही मुद्दाम पाडायचे, म्हणजे टीमिंगला खरी परिस्थिती कळते आणि सर्व्हर ‘ब’कडे वळतो. सिस्को याला लिंक स्टेट ट्रॅकिंग म्हणते, डेल अपलिंक फेल्युअर डिटेक्शन आणि एचपी स्मार्टलिंक. एक बारकावा पाहा. चार अपलिंकच्या गटातल्या तीन गेल्या, तरी गट जिवंतच धरला जातो. सगळा भार उरलेल्या एका केबलवर येतो आणि तक्रार येते ती ‘फार हळू चालतंय’ अशी. म्हणून किमान किती अपलिंक शाबूत हव्यात, हे जिथे सोय असेल तिथे ठरवून द्यावे.

आता उलटी बाजू. ‘अ’ आणि ‘ब’ एकमेकांना जोडलेले, आणि दोघेही वरच्या मुख्य स्विचला जोडलेले, की त्रिकोण पुरा झाला. आयपी पॅकेटला आयुष्याची मर्यादा असते. प्रत्येक राउटरपाशी एक आकडा कमी होतो आणि शून्यावर पॅकेट संपते. इथरनेट फ्रेमला अशी मर्यादाच नाही. सर्वांसाठी सोडलेली एक ब्रॉडकास्ट फ्रेम या त्रिकोणात फिरत राहते, तिच्या मागून दुसरी, तिसरी, आणि काही क्षणांत सगळे जाळे त्याच फेऱ्यांनी भरून जाते.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी 1985 साली यावर स्पॅनिंग ट्रीची रीत मांडली. स्विच आपसांत निरोप धाडून एक मूळ स्विच निवडतात आणि जास्तीच्या वाटा मिटून ठेवतात. चालू वाट तुटली की मिटलेली उघडते. जुन्या पद्धतीत या उघडण्याला 30 ते 50 सेकंद लागत. 2001 च्या सुधारित, वेगवान पद्धतीने तो वेळ फार खाली आणला.

पण मूळ स्विच कोण, हे माणसाने ठरवले नाही तर काय होते? सर्वांचा अग्रक्रम 32768 असाच राहतो आणि ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान तो निवडून येतो. तो एखाद्या चेसिसमधला किरकोळ स्विचही असू शकतो. लहान आकड्याला मान आधी, म्हणून मुख्य स्विचला 4096 आणि त्याच्या जोडीदाराला 8192 असे आकडे हाताने द्यावेत. सर्व्हरकडच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावावा, म्हणजे तिथून स्विचचा निरोप आला की तो पोर्ट तत्काळ बंद होतो.

हे नियम किती गंभीर आहेत, ते बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाने नोव्हेंबर 2002 मध्ये अनुभवले. वर्षानुवर्षे जोड देत वाढवलेले त्यांचे जाळे स्पॅनिंग ट्रीच्या 7 टप्प्यांच्या शिफारशीपलीकडे गेले होते. एका संशोधकाच्या प्रचंड माहितीचा ओघ आला आणि डोलारा कोसळला. काही दिवस डॉक्टरांना तपासण्या आणि औषधे कागदावर लिहावी लागली. रुग्णालयाचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हलाम्का यांनी हे सगळे जाहीरपणे मांडले, हे फार मोलाचे. असा मोकळेपणा आपल्याकडच्या कार्यालयांतही यायला हवा.

अशा न संपणाऱ्या फेऱ्या, म्हणजे लूप, टाळण्याचा आणखी एक मार्ग आहे. सिस्कोने 2009 साली आणलेल्या यूसीएस या ब्लेड सर्व्हर प्रणालीत ‘एंड होस्ट’ पद्धत असते. एका अपलिंकवरून आलेली फ्रेम दुसऱ्या अपलिंकवर कधीच पाठवायची नाही, एवढा नियम पाळला की चेसिसच्या बाजूने लूप तयारच होत नाही. जिथे जाळे सांभाळायला माणसे कमी, तिथे हीच पद्धत बरी.

गावांपर्यंतच्या तारांतही हाच विचार आला आहे. ग्रामपंचायतींना इंटरनेटने जोडणाऱ्या भारतनेट योजनेच्या पहिल्या टप्प्यात त्यांच्याकडे एकेरी फांद्या गेल्या होत्या. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात या फांद्यांची कडी (रिंग) करायचे ठरले, आणि कडीवर आयपी-एमपीएलएस राउटर.

जोडणी झाल्यावर परीक्षा मात्र घ्यायलाच हवी. ठरवलेल्या वेळी, पिंग चालू ठेवून, ‘अ’च्या अपलिंक बाहेरच्या टोकाला उपटाव्यात आणि किती पिंग हुकले ते लिहून ठेवावे. मग त्या परत लावाव्यात आणि पुन्हा मोजावे, कारण अपलिंक परतल्याबरोबर सर्व्हर तिकडे धावला आणि वरचा पोर्ट अजून वाट पाहण्याच्या अवस्थेत असला, तर परतीच्या वेळीच सेवा खंडित होते. त्यासाठी सर्व्हरकडचे पोर्ट उघडायला थोडा विलंब नेमून द्यावा, आणि हीच परीक्षा ‘ब’वरही घ्यावी.