ज्ञानसाधन आणि विवेक : टॅब निवडताना



जैन परंपरेने ज्ञानाइतकेच ज्ञानाच्या साधनालाही पूज्य मानले आहे. ज्ञानपंचमीला, तसेच श्रुतपंचमीला ग्रंथांची पूजा होते, त्यांवरील धूळ झटकली जाते, वेष्टने बदलली जातात. ताडपत्र, भूर्जपत्र, हातकागद आणि छापील पुस्तक अशा क्रमाने ही साधने बदलत गेली, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी समाजात विचारमंथन झाले. एकोणिसाव्या शतकात शास्त्रग्रंथ छापावेत की नाहीत, यावर तीव्र मतभेद होते. पुढे मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर जतन झालेला षट्खंडागम, धवला टीकेसह, डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून १९३९ पासून खंडशः प्रकाशित होऊ लागला, आणि शतकानुशतके मोजक्यांनाच दर्शन देणारे श्रुत सामान्य श्रावकाच्या घरी पोहोचले. साधन बदलले तरी श्रुताचे मोल उणावले नाही. मात्र साधन पारखून घेण्याची जबाबदारी दर पिढीवर नव्याने येते.

आजच्या पिढीपुढे पाटीएवढा एक संगणक आहे. त्याला बोलीभाषेत ‘टॅब’ म्हणतात. रावेरसारख्या तालुक्याच्या गावी तो आता नवलाचा राहिलेला नाही. केळीचा व्यापारी त्यावर बाजारभाव पाहतो, नीट किंवा जेईईची तयारी करणारा विद्यार्थी त्यावर शिकवणी ऐकतो, आणि दृष्टी मंदावलेले आजोबा त्यावर अक्षरे मोठी करून स्वाध्याय करतात. तरीही दुकानात गेल्यावर बहुतेकांचा गोंधळ उडतो. विक्रेता आकडे सांगतो, नातू नाममुद्रा सांगतो आणि खिसा वेगळेच सांगतो. अशा वेळी निर्णयाचा क्रम ठरलेला असावा : प्रथम गरज, मग साधन आणि शेवटी किंमत.

स्वस्ताई हीच एकमेव कसोटी मानली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ हा विद्यार्थ्यांसाठीचा टॅब प्रकाशात आला. शासनाला तो सुमारे २,२७६ रुपयांना पडला. जगातील अत्यंत स्वस्त टॅब म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्याचा पडदा ७ इंची, स्मृती अवघी २५६ एमबी आणि बॅटरी २,१०० एमएएचची होती. पडदा दाबल्याशिवाय प्रतिसाद देत नसे, गती मंद होती आणि बॅटरी लवकर उतरे. पुढे प्रकल्पाची धुरा मुंबईच्या आयआयटीकडे आली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ सादर झाला. त्यात स्मृती दुप्पट, पडदा हलक्या स्पर्शाला दाद देणारा आणि बॅटरी ३,००० एमएएचची होती. प्रा. दीपक फाटक यांच्या मार्गदर्शनाखाली शिक्षकांचे प्रशिक्षण आणि विद्यार्थ्यांसाठीचे कार्यक्रम यांवर तेथे भर देण्यात आला. या प्रकल्पाचा हेतू निर्विवाद थोर होता. त्यातून दोन धडे मिळतात. ज्या यंत्राचा वापर करताना मन वैतागते, ते कितीही स्वस्त असले तरी महागच पडते. आणि यंत्राबरोबर शिकवणारा व शिकण्याजोगे साहित्य नसेल, तर यंत्र ही केवळ काचेची पाटी उरते.

आता गरजेचा विचार करू. सर्वांत आधी हा प्रश्न विचारावा : टॅब खरोखर हवा आहे का? इच्छापरिमाण हे श्रावकाचे अणुव्रत आहे. ज्याच्या घरी मोठ्या पडद्याचा मोबाइल आणि एक लॅपटॉप आहे, त्याला तिसरे यंत्र हवेच असे नाही. ज्या व्यापाऱ्याला दुकानाचे संपूर्ण हिशेब लिहायचे आहेत, जीएसटीची विवरणपत्रे भरायची आहेत, त्याला कळफलक असलेला संगणकच सोयीचा. टॅबवर ती कामे ओढाताणीने होतात. टॅब हे मुख्यतः वाचण्याचे, पाहण्याचे आणि ऐकण्याचे साधन आहे. लिहिण्याचे काम जितके जास्त, तितका टॅबचा उपयोग कमी, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

ज्यांना वाचनासाठी टॅब हवा आहे, त्यांनी पडद्याचा आकार प्रथम पाहावा. आपले बहुतेक धार्मिक ग्रंथ डेमी आकारात, म्हणजे सुमारे साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच छापले जातात. या पानाचा कर्ण मोजला तर तो १०.१ इंच भरतो, आणि टॅबचा आकारही कर्णानेच सांगतात. म्हणून १० इंची टॅबवर डेमी ग्रंथाचे पान जवळजवळ मूळ आकारात दिसते. तेच पान ७ इंची टॅबवर दोन तृतीयांश होते. १२ पॉइंटचा टाइप ८ पॉइंटचा भासतो. साठी ओलांडलेल्या वाचकाला तो डोळ्यांना त्रासच. आडव्या पोथीची छायाचित्रे वाचायची असतील तर टॅब आडवा धरावा, पोथीचे पान पडद्यावर चांगले बसते. बालभारतीची बरीच पाठ्यपुस्तके डेमीपेक्षा मोठ्या आकाराची आहेत. ती १० इंची पडद्यावरही लहान होतात, म्हणून विद्यार्थ्याने ११ इंची पडद्याचा विचार करावा. ही पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, हेही पालकांनी लक्षात ठेवावे.

येथे आणखी एक भेद समजून घ्यायला हवा. काही ग्रंथ पानांची छायाचित्रे म्हणून साठवलेले असतात, तर काही युनिकोड अक्षरांत टंकलिखित असतात. छायाचित्रातील पान मोठे केले की ते पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला बोट सरकवावे लागते. युनिकोड मजकूर मोठा केला की ओळी आपोआप नव्याने जुळतात, आणि यंत्राकडून तो वाचूनही घेता येतो. ज्येष्ठांसाठी टॅब घेताना त्यांच्या आवडीचे ग्रंथ कोणत्या रूपात उपलब्ध आहेत, ते आधी पाहावे. छायाचित्ररूपच असतील तर मोठ्या पडद्याला पर्याय नाही.

दुसरा विचार साठवणुकीचा. चांगल्या प्रतीचा एक छायाचित्रित ग्रंथ १०० एमबीचा धरला, तरी दहा जीबीत शंभर ग्रंथ मावतात. प्रवचनाचे ध्वनिमुद्रण साध्या प्रतीचे, म्हणजे ६४ केबीपीएसचे असेल, तर तासाला सुमारे २९ एमबी लागतात. एक जीबीत ३४ तासांची प्रवचने बसतात. स्वाध्याय आणि श्रवण एवढाच हेतू असेल तर ६४ जीबी पुष्कळ झाले. चित्रफिती साठवणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र १२८ जीबी लागतील. मेमरी कार्डाची खाच असलेला टॅब घेतला तर ही चिंता पुढे ढकलता येते. काही टॅबला ती खाच नसते, म्हणून खरेदीपूर्वी विचारावे. यंत्राची चालू स्मृती, जिला रॅम म्हणतात, ती ४ जीबीपेक्षा कमी नसावी; विद्यार्थ्यासाठी ६ किंवा ८ जीबी असल्यास उत्तम.

तिसरा विचार जोडणीचा. सिमकार्ड चालणारा टॅब महाग पडतो. घरात वाय-फाय असेल, अथवा मोबाइलवरून इंटरनेट देता येत असेल, तर केवळ वाय-फायचा टॅब पुरतो. वसतिगृहात राहणाऱ्या किंवा शेतमळ्यात काम पाहणाऱ्या व्यक्तीला सिमची सोय उपयोगी ठरते. नागपूरच्या महाज्योती संस्थेने मागासवर्गीय विद्यार्थ्यांना जेईई, नीट व एमएच-सीईटीच्या तयारीसाठी टॅब दिले, तेव्हा त्यांसोबत ऑनलाइन प्रशिक्षण आणि इंटरनेट डेटाही दिला. यंत्र, शिकवणी आणि जोडणी ही तिन्ही एकत्र आली तरच विद्यार्थ्याचे वर्ष सार्थकी लागते. पालकांनीही हिशेब करताना केवळ यंत्राची किंमत न धरता तिन्ही खर्च एकत्र धरावेत.

चौथा विचार खानदेशाच्या उन्हाचा. रावेर-भुसावळ परिसरात वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो. ॲपल कंपनी आपल्या आयपॅडचा वापर ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात करावा, असे सांगते. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मारक असते. पत्र्याच्या खोलीत, उभ्या मोटारीत किंवा खिडकीच्या उन्हात टॅब ठेवू नये, आणि तापलेल्या अवस्थेत चार्जिंगला लावू नये. बॅटरी दरवेळी पूर्ण उतरवणे किंवा रात्रभर शंभर टक्क्यांवर ठेवणे टाळले तर तिचे आयुष्य वाढते.

आता किंमत. आजमितीस साध्या अँड्रॉइड टॅबचे भाव साधारणतः दहा हजारांच्या आसपास सुरू होतात. पंधरा ते पंचवीस हजारांत मध्यम प्रतीचे टॅब मिळतात. ॲपलचा मूळ आयपॅड २०२५ मध्ये भारतात ३४,९०० रुपयांना दाखल झाला. मात्र किमतीचा हिशेब वर्षाच्या मापाने करावा. उदाहरणार्थ, नऊ हजारांचा टॅब दीड वर्षात संथ होऊन कपाटात गेला, तर त्याचा खर्च वर्षाला सहा हजार पडला. सोळा हजारांचा टॅब चार वर्षे चालला, तर तो वर्षाला चार हजारांत पडला. टॅब किती वर्षे चालेल हे बरेचसे एका गोष्टीवर अवलंबून असते : कंपनी सुरक्षेची अद्ययावत आवृत्ती किती वर्षे देणार आहे? हा प्रश्न दुकानात अवश्य विचारावा. त्याबरोबरच दुरुस्ती केंद्र जळगाव-भुसावळला आहे की यंत्र पुण्या-मुंबईला पाठवावे लागेल, याचीही चौकशी करावी. टॅबवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह आहे का ते पाहावे. ही नोंदणी सक्तीची आहे. पक्के बिल घ्यावे. जीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याने धंद्यासाठी टॅब घेतला असेल, तर बिलावर आपला क्रमांक घालून घ्यावा, म्हणजे १८ टक्के कराची वजावट नियमानुसार मागता येते. फसवणूक झाल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी उपलब्ध आहे.

संस्थेने खरेदी करायची असेल तर जबाबदारी अधिक. समजा, एखाद्या दात्याने पाठशाळेला टॅबसाठी एक लाख रुपये दिले. दहा हजारांचे दहा टॅब घेतले तर छायाचित्र मोठे येईल, पण रक्कम तिथेच संपेल. पहिली काच फुटली की टॅब कपाटात जाईल. त्याऐवजी चौदा हजारांचे पाच टॅब घेतले, चार हजारांची आवरणे घेतली, तर सव्वीस हजार रुपये दुरुस्ती आणि अभ्याससाहित्यासाठी शिल्लक राहतात. दोन मुलांत एक टॅब असला की मुले एकमेकांना शिकवतात, आणि वाटून घेण्याचा संस्कारही होतो. रक्कम ज्ञानखात्यातील असेल तर तिचा विनियोग परंपरेच्या मर्यादेत बसतो का, हे गुरुभगवंत व संघातील ज्येष्ठांना विचारूनच ठरवावे. दात्याचे नाव पाटीवर राहते, पण त्याचे पुण्य साधनाच्या उपयोगात असते.

मर्यादेचा प्रश्न निघालाच आहे, तर तोही स्पष्ट असावा. अनेक परंपरांत विद्युत उपकरणांचा वापर अग्निकायाच्या विराधनेचे कारण मानला जातो, आणि साधु-साध्वी अशा उपकरणांपासून दूर राहतात. सामायिक-प्रतिक्रमणाच्या वेळी श्रावकानेही टॅब बाजूला ठेवावा. म्हणून सूत्रे टॅबवर ऐकून पाठ करावीत, उच्चार तपासावेत. क्रियेच्या वेळी मात्र मोठ्या टाइपाचे पुस्तक किंवा पाठांतरच आधार असावे. मोठ्या अक्षरांची पुस्तके छापून ठेवण्याची गरज टॅबमुळे संपत नाही. तसेच ज्या यंत्रात जिनवाणी आहे, त्याच यंत्रात मुले खेळ खेळत असतील तर ज्ञानाची आशातना होते. टॅबमध्ये स्वतंत्र वापरकर्ता-खाते उघडण्याची सोय असल्यास स्वाध्यायाचे खाते निराळे ठेवावे.

शेवटी, जुन्या यंत्राचे काय करावे? त्यातील स्वतःची माहिती पुसून, ते चालू असेल तर गरजू विद्यार्थ्याला द्यावे. बंद पडले असेल तर कचऱ्यात किंवा भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवावे. बॅटरी व सर्किटमधील विषारी द्रव्ये मातीत आणि पाण्यात मिसळतात, आणि ज्या मातीवर आपली केळी पिकते तीच दूषित होते. सूक्ष्म जीवांचीही काळजी वाहणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

सुवर्णमहोत्सवाचे वर्ष हे मागे वळून पाहण्याचे, तसेच पुढील पन्नास वर्षांची तरतूद करण्याचे असते. आजचा टॅब पन्नास वर्षे टिकणार नाही; पाच वर्षे टिकला तरी पुष्कळ. त्यामुळे गावात कोणाकडे जुनी हस्तलिखिते, पट्टावल्या किंवा दुर्मीळ पुस्तके असतील, तर त्यांची छायाचित्रे एकाच यंत्रात न ठेवता दोन-तीन ठिकाणी जपावीत आणि मूळ पोथी कोरड्या कपाटात सुरक्षित ठेवावी. यंत्रे येतील आणि जातील. ज्या मुलाने त्यावर नवकाराचा अर्थ समजून घेतला आणि ज्या वृद्धेने बऱ्याच वर्षांनी पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी स्तवन वाचले, त्यांच्यापाशी ते ज्ञान राहील. त्या दोघांना समोर ठेवून निवडलेला टॅब सहसा चुकत नाही.

जय जिनेंद्र.