गोणी मोजली, माणूस मोजला का?

(युवक मेळाव्यात केलेले भाषण)



मी दहावी झालेला, गोदीत माल उचलणारा माणूस. आकडेवारी हा तुझा धंदा नाय, असं शहाणे म्हणतील. पण गोदीत आमची मजुरीच मोजणीवर चालते. टॅली क्लार्क वर उभा राहून गोण्या मोजतो. कुठली फाटली, कुठल्यात निम्माच माल, ते मोजणीत येत नाय. देशाचं इंटरनेट असंच मोजतात, म्हणून उभा राहिलोय.

दूरसंचार नियामक प्राधिकरण, ज्याला ट्राय म्हणतात, त्याचा मार्च 2024 अखेरचा आकडा आहे 95 कोटी 44 लाख. ऐकलं की वाटतं, झालं, देश जोडला गेला! अरे, पण त्या जोडण्या आहेत, माणसं नाहीत. साहेबाच्या खिशात नेटची दोन सिम, म्हणजे दोन. आमच्या खोलीत सहा जणांत एक फोन, म्हणजे एक. हिशेब बरोबर, माणसं गायब.

दुसरं माप राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं, 2019-21 चं. तिथं माणसालाच विचारतात : इंटरनेट कधी वापरलंय का? मेख त्या 'कधी'त आहे. जन्मात एकदा बोट लावलं तरी 'हो'. नमुना पाहणीनं 2017-18 साली गेल्या 30 दिवसांतला वापर विचारला. आंतरराष्ट्रीय माप तीन महिन्यांचं. माप बदललं की तोच माणूस आत, तोच बाहेर. आता ऐका. 'कधी' या इतक्या सैल मापानंही देशात पुरुष 57.1 टक्के आणि बाया 33.3 टक्के. खेड्यातल्या बाया 24.6. आपल्या पुढारलेल्या महाराष्ट्रात पुरुष 61.5, बाया 38. म्हणजे शंभरातल्या बासष्ट बायांनी एकदासुद्धा वापरलेलं नाय. आणि सरकारचा फॉर्म मात्र ऑनलाइनच!

आणि या पाहणीत बाई धरतात 15 ते 49 वयाची. पन्नाशी ओलांडली की तिला कोणी विचारत नाय. लाडक्या बहिणीचे 1500 रुपये मात्र 21 ते 65 वयाला. सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. तेव्हा तिच्या आधारचा ओटीपी मागितला, वर नवऱ्याच्या किंवा बापाच्या आधारचाही ओटीपी. नवरा मेलेला, बाप कधीचाच गेलेला, तिनं तेव्हा कुणाचा ओटीपी आणायचा होता? पन्नाशीपुढची बाई मोजायची नाय, पण तिच्याकडून अंगठा, ओटीपी सगळं घ्यायचं. च्यायला, हा कुठला न्याय?

ती मग नाक्यावरच्या दुकानात जाते, पैसे देते, दुकानवाला बटण दाबतो. आता सांगा, तिनं इंटरनेट वापरलं की इंटरनेटनं तिला वापरलं? वर नमुना पाहणीत घरातला एक जण बहुतेक वेळा सगळ्यांची उत्तरं देतो. सुनेला नेट येतं का, हे सासऱ्याला विचारायचं!

मोजणीचं राजकारण आपल्याला नवं नाय. 1932 साली लोथियन समितीपुढे अस्पृश्य किती, यावरच वाद घातला गेला. डोकी कमी दाखवली की वाटा कमी. बाबासाहेब त्या समितीत होते, त्यांनी आपली वेगळी टिपणी जोडली. तेव्हा आपल्याला कमी मोजून वाटा मारायचे, आता सिम जास्त मोजून रेशनच्या रांगेतून काढतात.

म्हणून रविवारी आपल्या वस्तीत आपणच मोजायचं. दहा पोरं, दहा पोरी, हातात वही. पोरींनी बायांना विचारायचं, सासऱ्यासमोर नाय. फोन कुणाचा, रिचार्ज कोण भरतं, शेवटचं कधी वापरलं, आणि स्वतःच्या हातानं काय केलं : फॉर्म भरला की नुसतं गाणं लावलं. दुकानात किती पैसे गेले तेही लिहायचं. आणि पन्नाशीपुढच्या म्हाताऱ्यांपासून सुरुवात करायची. सकाळी आठला विहारापाशी या, पेन आपापलं आणा.