ॲक्रिलिकच्या पत्र्यास छिद्र पाडण्याची रीत



शाळेतील नकाशावर वा हस्तलिखितावर काचेऐवजी ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा बसविता येतो. सारख्याच जाडीच्या काचेच्या निम्म्याहून कमी त्याचे वजन. परंतु तीन छिद्रे नीट पडून चौथ्याशी तडा गेला, की शाळेचा पैसा वाया जातो. आणि ज्या मुलाच्या हातून हे घडते, ते पुन्हा हत्यारास हात लावावयास धजत नाही. वस्तुतः दोष मुलाचा नसतो, रीतीचा असतो.

तडा जाण्याची मुख्य कारणे दोन. धातूसाठी घासलेल्या ड्रिलची तीक्ष्ण धार या पदार्थात एकदम घुसते व त्यास ओढते. दुसरे असे, की ॲक्रिलिकमधून उष्णता लवकर वाहून जात नाही. सुमारे १०० अंश सेल्सिअसला ते मऊ पडते. मग भुगा वितळून चिकटतो, ड्रिल अडकते आणि जोर लावताच पत्रा फुटतो.

म्हणून धारेच्या पुढील अंगास दगडावर हलकेच घासून अरुंद सपाटी आणावी. म्हणजे ती न घुसता खरवडत जाते. पत्र्यावरील संरक्षक कागद तसाच ठेवून त्यावर खूण करावी. खिळा ठोकून खूण करू नये. खाली सपाट लाकडी फळी घेऊन दोन्ही घट्ट आवळावीत. हाताने फिरविण्याचे ड्रिल सावकाश चालवावे, मधून मधून वर काढून भुगा झाडावा व पाण्याचे थेंब सोडावेत. छिद्र आरपार होण्याच्या सुमारास दाब अगदी कमी करावा. काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असावा.

छिद्र कडेपासून त्याच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर असावे. ॲक्रिलिक उष्णतेने बरेच प्रसरण पावते. १ मीटर लांबीचा पत्रा ३० अंशांच्या वाढीने सुमारे २ मिलिमीटर लांबतो. यास्तव छिद्र स्क्रूहून थोडे मोठे ठेवावे व स्क्रू फार आवळू नये. नाहीतर हिवाळ्यात बसविलेला पत्रा वैशाखात तडकावयाचा. तो पुसण्यास स्पिरिट वापरू नये, त्याने छिद्राभोवती बारीक चिरा पडतात. साबणाचे पाणी व मऊ फडके पुरे.

प्रथम टाकाऊ तुकड्यावर प्रत्येक मुलास एक छिद्र पाडू द्यावे. तेथे तडा गेला तर रागावण्याऐवजी शिक्षकाने त्याचे कारण मुलांकडूनच शोधवून घ्यावे. फुटलेला तुकडाही मग पाठ शिकवितो.