चटका देणारं यंत्र

तव्याचा चटका आपल्याला नवा नाही. पण तो किती दुखला हे दुसऱ्याला कसं दाखवणार? बाई दुखतंय म्हणाली की घरात कुणीतरी म्हणतंच, "नाटकं करते." म्हणून आज अशा यंत्राविषयी बोलते, जे मुद्दाम चटका देतं, पण भाजू देत नाही.

दुखताना मेंदूत काय चालतं, हे एमआरआयमध्ये बघता येतं. त्यासाठी माणूस आत झोपलेला असताना त्याला दुखवावं लागतं, आणि दर वेळी तेवढंच. हातानं सुई टोचली तर ती कधी हलकी लागते, कधी जोरात. म्हणून पायावर किंवा हातावर एक छोटी चपटी पट्टी बांधतात. तिला थर्मोड म्हणतात. वीज एका बाजूनं सोडली की ती तापते, उलटी सोडली की गार होते. साधारण 45 ते 49 अंशांचा चटका, तोही काही सेकंदच. त्यापुढे गरम होऊ नये म्हणून यंत्रातच मर्यादा घातलेली असते. एकाच जागी पुन्हापुन्हा चटका देत नाहीत, पट्टी सरकवतात. आधी बाहेर थोडं थोडं तापवून त्या माणसाला किती सोसतं ते विचारतात. हातात एक रबरी फुगा असतो, तो दाबला की सगळं थांबतं.

एमआरआय म्हणजे प्रचंड लोहचुंबक. (म्हणून तर तपासणीला जाताना आपल्याला मंगळसूत्र, पिना काढायला लावतात.) त्यामुळे आतल्या पट्टीत लोखंड चालत नाही. वायरीचं वेटोळंही अंगाजवळ राहू देत नाहीत, कारण ते तापून खरोखर भाजू शकतं.

एवढी काळजी पूर्वी नव्हती. 1940 च्या दशकात अमेरिकेत हार्डी नावाच्या संशोधकानं दिव्याचा प्रखर झोत कातडीवर टाकून वेदना मोजली. पुढे तोच झोत बाळंतकळा सोसणाऱ्या बायकांच्या हातावर टाकला, कळ जास्त की चटका जास्त हे विचारायला. काहींचे हात भाजले. मला हे वाचून संताप आला. आता नीतिसमितीची परवानगी आणि माणसाची लेखी संमती लागते, आणि मधेच "नको" म्हणायचा हक्क असतो.

2011 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 22 निरोगी माणसांच्या पायाला असाच चटका दिला. शंभरपैकी वेदना होती 66. न सांगता शिरेतून वेदनाशामक सुरू केलं, ती 55 झाली. "आता औषध सुरू केलंय" असं सांगितल्यावर 39. मग खोटंच सांगितलं, "औषध बंद केलं." औषध तेवढंच चालू होतं, तरी वेदना पुन्हा 64! मेंदूच्या चित्रांतही तो फरक दिसला. म्हणजे ती माणसं नाटक करत नव्हती. नुसत्या शब्दानं त्यांचं दुखणं खरंच वाढलं होतं.

बाळंतपणाच्या खोलीत तुमच्याशी कोण काय बोललं होतं, आठवतंय? पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा. आम्हालाही कळवा, म्हणजे त्यावर पुन्हा बोलू.