“आगे क्या लगाते हैं?”

(जबलपूर येथे विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



जबलपुरात नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “आगे क्या लगाते हैं?” खोली भाड्याने घेताना, तोंडी परीक्षेत, नव्या ऑफिसात. मराठी आडनाव इथल्या कानाला ओळखीचं नसतं, म्हणून आणखी एक प्रश्न येतो : “उनमें कौन होते हैं?” विचारणाऱ्याला आडनावाचा अर्थ नको असतो, जात हवी असते. आपण आज अर्थच पाहू.

रामटेके म्हणजे रामटेकचे, नागपुरे नागपूरचे. गाव सोडून गेलेल्या माणसाला लोक जुन्या गावावरून ओळखतात आणि तेच पुढे आडनाव होतं. गोंडीत ‘टेका’ म्हणजे साग आणि ‘मरका’ म्हणजे आंबा. टेकाम, मरकाम ही आडनावं त्या झाडांची. मेश्राम तर बौद्धांतही आहेत आणि गोंडांतही. केसलापूरची नागोबा जत्रा गोंडांच्या मेश्राम कुळाचीच. गाव, झाड, कूळ : शब्दात एवढंच आहे. उच्चनीचता ऐकणाऱ्याच्या कानात आहे.

ती कागदावरही बसली. रसेल आणि कटनीचे हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली आला. कुळनावं आणि त्यांचे अर्थ त्यात भरपूर सापडतात, पण सगळी मांडणी जातवार. तो जरूर वाचा, मात्र ही माहिती कोणी सांगितली आणि कोणी लिहून घेतली, हे विचारत वाचा.

बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ. शाळेत मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावावरून आडनाव लागलं आणि पुढे ते आंबेडकर झालं. तेही एका गावाचंच नाव. त्याला आजचं वजन आलं ते त्यांच्या कामाने.

मग आडनाव टाकून द्यावं का? पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीने १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत जातिवाचक नावं सोडण्याचा ठराव केला. तमिळनाडूत आज बहुतेक लोक वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात, वरच्या मानलेल्या जातींचेही. तिथली जात त्याने संपली नाही, पण नाव विचारून जात काढणं अवघड झालं. आपल्याकडे एकट्यादुकट्याने आडनाव गाळलं तर ती रिकामी जागाच उत्तर ठरते. सोडायचंच तर सगळ्यांनी सोडावं, आणि सुरुवात ज्यांना आडनावाचा फायदा होतो त्यांनी करावी. तोवर आपण लपवण्याचं कारण नाही.

घरी आजीला विचारा : मूळ गाव कुठलं? आडनाव पहिल्यांदा कागदावर कोणी चढवलं, गुरुजींनी, की कारखान्यातल्या कारकुनाने? ती सांगेल ते तारीख घालून लिहून ठेवा. आपल्या घरांचा इतिहास असाच जमा होणार आहे. आणि कोणी विचारलं, “उनमें कौन?”, तर सरळ सांगा : “रामटेक के.”

जय भीम.